मेंढी आहे का कुणाकडे? मित्रांबरोबर कॅटन जिंकायला खेळताना

आमच्याकडे दर दुसऱ्या शनिवारी साडेआठपर्यंत जेवणं उरकतात आणि नऊच्या ठोक्याला टेबलावर कॅटन हा पटावरचा खेळ मांडलेला असतो. मी, नवरा केदार, कॉलेजपासूनची मैत्रीण स्नेहल आणि तिच्या ऑफिसातला मंदार. ठाण्यातलं हेच घर आणि हेच चौघं, सहा वर्षं झाली. एकाच माणसांबरोबर इतके डाव खेळल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: कॅटनमध्ये तुमची सगळ्यात मोठी ठेव म्हणजे टेबलावरचा तुमचा शब्द. फासे आज साथ देतील, उद्या पाठ फिरवतील. समोरचा तुमच्याशी सौदा करायला तयार असेल तर वाईट दानातूनही वाट निघते. म्हणून इथे लिहितेय ते जिंकायचं कसं याबद्दलच आहे, फक्त त्याच मित्रांबरोबर, पुन्हा पुन्हा.

ज्यांनी अजून खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जर्मनीतल्या क्लाउस टॉयबर यांनी हा खेळ केला, १९९५ साली तो बाजारात आला आणि त्याच वर्षी तिकडचा ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. टॉयबर तेव्हा दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारे तंत्रज्ञ होते, खेळ फावल्या वेळात रचायचे. १९ षटकोनी तुकड्यांचं एक बेट मांडायचं. त्यातला एक तुकडा वाळवंट, बाकी १८ तुकड्यांवर एकेक आकडा. दोन फासे टाकायचे. बेरीज येईल त्या आकड्याच्या तुकड्याला ज्यांची घरं टेकलेली असतील त्यांना तिथला माल मिळतो: लाकूड, वीट, मेंढी (कार्डावर लोकर असते, पण आमच्याकडे सगळे मेंढीच म्हणतात), गहू किंवा दगड. त्या मालातून रस्ते, घरं आणि शहरं बांधायची. घराला एक गुण, शहराला दोन. आधी १० गुण करेल तो जिंकला.

लहानपणी आम्ही ‘व्यापार’ खेळायचो तेव्हा ज्याचं दिवाळं निघालं तो कोपऱ्यात बसून बाकीच्यांचा खेळ बघायचा. मी धाकटी, त्यामुळे तो कोपरा बहुतेक वेळा माझा. कॅटनमध्ये कुणीही बाद होत नाही. चार गुणांवर अडकलेल्या माणसाकडेही वीट असते आणि नऊ गुणवाल्याला ती हवी असते. मला हा खेळ आवडला तो याच कारणासाठी.

पहिली दोन घरं

अर्धा डाव इथेच ठरतो, म्हणून इथे घाई करू नका. प्रत्येक आकड्याखाली छोटे ठिपके असतात. दोन फाशांची ३६ दानं होतात. त्यातल्या किती दानांत तो आकडा पडतो, तेवढे ठिपके. ६ आणि ८ ला पाच-पाच, ५ आणि ९ ला चार, ४ आणि १० ला तीन, ३ आणि ११ ला दोन, २ आणि १२ ला एकच. घर तीन तुकड्यांच्या कोपऱ्यावर बसतं, तेव्हा तिन्हींचे ठिपके मिळवायचे. ६ आणि ८ शेजारी ठेवायचे नाहीत हा नियम पाळला तर एका कोपऱ्यावर जास्तीत जास्त १३ ठिपके मिळतात. माझी दोन घरं मिळून २० च्या वर गेली की मी समाधानी असते.

नवखे लोक इथेच थांबतात. ठिपके मोजतात, सगळ्यात भारी कोपरा पकडतात आणि मग पाऊण तास वीट वीट करत बसतात. घर ठेवण्याआधी आणखी एक बेरीज करायला हवी: बेटावर कुठला माल किती निघणार आहे? लाकूड, मेंढी आणि गहू यांचे चार-चार तुकडे असतात, वीट आणि दगड यांचे तीन-तीनच. सगळ्या ठिपक्यांची बेरीज नेहमी ५८ येते, कारण आकड्यांच्या चकत्या त्याच असतात. ती पाच मालांत कशी विभागली गेली, हे मांडणीवर ठरतं.

गेल्या महिन्यातली मांडणी माझ्या वहीत आहे. लाकूड १३, मेंढी १४, गहू १३, दगड १२ आणि वीट फक्त ६. तिन्ही विटांच्या तुकड्यांवर ३, ११ आणि पुन्हा ३ आला होता. अशा बेटावर दोन विचार संभवतात. एक, वीट दुर्मीळ आहे म्हणून तीच पकडायची आणि सगळ्यांना महाग विकायची. दुसरा, विटेशिवाय जिंकता येतं का ते पाहायचं. मी दुसरा धरला. शहराला तीन दगड आणि दोन गहू लागतात, डेव्हलपमेंट कार्डाला (माल देऊन विकत घ्यायचं, झाकून ठेवायचं खास कार्ड) एक दगड, एक गहू, एक मेंढी. दोन्हींत वीट नाही. सुरुवातीच्या दोन घरांची शहरं केली की ४ गुण. तिसरं घर बांधून त्याचं शहर केलं की ६. त्यातली तीन नाइट (योद्ध्याची) कार्डं सगळ्यांच्या आधी उघडली की सगळ्यात मोठ्या सैन्याचे २, म्हणजे ८. डेव्हलपमेंट कार्डं एकूण २५, त्यांत १४ नाइट आणि ५ थेट गुणाची; त्यातली दोन हाताला लागली की १०. या सगळ्या वाटेत विटा किती? सुरुवातीचा रस्ता एका कडेने पुढे न्यायला एक आणि तिसऱ्या घराला एक. दोनच! ८ आणि ५ च्या दगडांवर बसले आणि त्या दोन विटा सौद्यात घेतल्या. डाव जिंकले.

उलट वीट आणि लाकूड मुबलक असेल तर रस्ते पळवायचे, मोक्याचे कोपरे आधी गाठायचे, आणि पाच किंवा जास्त सलग रस्त्यांचे २ गुण घ्यायचे. दोन डगरींवर पाय ठेवून थोडं हे, थोडं ते केलं तर डाव रेंगाळतो. पहिलं घर ठेवताना ‘मी कुठल्या वाटेने १० करणार?’ याचं उत्तर तयार असू द्या.

दुसऱ्या घराचंही सांगते. घरं १-२-३-४ आणि मग ४-३-२-१ अशा क्रमाने ठेवतात. चौथ्याला दोन घरं लागोपाठ मिळतात. पुष्कळ लोक चौथा नंबर आला की हिरमुसतात, मला तो आवडतो, कारण दोन्ही कोपऱ्यांची जोडी एकदम विचार करून निवडता येते. आणि दुसऱ्या घराच्या तुकड्यांचा माल लगेच हातात पडतो, हे विसरू नका.

सौदा कसा मागावा

‘मेंढी आहे का कुणाकडे?’ हा कॅटनच्या टेबलावरचा सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न असावा, आणि मागण्याची सगळ्यात दुबळी पद्धतही तीच. असं विचारलं की तुमची गरज उघडी पडते आणि तुम्ही काय देणार ते कुणालाच कळत नाही. समोरच्याने ‘काय देतेस?’ म्हणायचं, तुम्ही ‘काय हवंय?’ म्हणायचं, आणि तेवढ्यात तिसरा कंटाळतो.

त्याऐवजी सौदा पूर्ण मांडा, आणि त्यात समोरच्याचा फायदा स्पष्ट सांगा. ‘स्नेहल, तुला शहराला एक गहू कमी पडतोय. मी गहू देते, मला मेंढी दे.’ हे सांगायला तिच्याकडे काय आहे ते माहीत पाहिजे. माल मिळतो तो सगळ्यांसमोर मिळतो, त्यामुळे लक्ष ठेवलं तर कळतं. मी दिवसभर लोकांचे जीएसटीचे हिशेब करते, तरी पाचही माल चौघांचे लक्षात ठेवणं मला जमत नाही. मी दोनच धरते: त्या बेटावर जो दुर्मीळ आहे तो, आणि मला ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे तो.

सौदा फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशीच होतो. बाकीचे आपसांत करू शकत नाहीत. म्हणून दुसऱ्याच्या पाळीत फोन बघणारा माणूस स्वतःच्या चारातल्या तीन संधी घालवतो. केदारच्या पाळीत मी तयार असते: त्याने वीट मागितली तर काय मागायचं, किती मागायचं. बँक, म्हणजे मालाच्या पत्त्यांचा सामाईक साठा, एकाच मालाच्या चाराला हवा तो एक देते, हे माप डोक्यात ठेवा. तुमच्याकडे चार मेंढ्या पडून असतील तर बँकेत चारही देण्यापेक्षा मित्राला दोन देऊन एक वीट घेणं केव्हाही बरं. दोनाला एक द्यायला लोक कमीपणा मानतात, पण तुमचे दोन पत्ते वाचलेत ना!

नाही म्हणायचं तेव्हा कारण सांगून म्हणा. ‘तुझे आठ गुण झालेत, आता तुला दगड नाही देणार.’ यात कुणाला राग येत नाही. हातात माल असताना ‘नाहीच आहे’ असं मात्र मी कधीच म्हणत नाही. ‘सांगणार नाही’ एवढं पुरतं. खेळात थाप मारली तर काय बिघडलं, असं काहींचं मत असतं. माझ्यासाठी बिघडतं. पुढच्या शनिवारी मी ‘खरंच वीट नाही गं’ म्हटलं तर ते स्नेहलला खरं वाटलं पाहिजे.

मंदारची ती मेंढ्यांची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. दुसऱ्या वर्षातली. त्याच्या पाळीत त्याने एक मेंढी स्नेहलला दिली विटेसाठी, एक मला गव्हासाठी, एक केदारला दगडासाठी. आम्ही तिघंही खूश. मग त्याने शांतपणे एक कार्ड टेबलावर ठेवलं: मोनोपॉली. ‘सगळ्या मेंढ्या इकडे द्या.’ आमच्या हातातल्या सात मेंढ्या गेल्या, त्यात मिनिटापूर्वी त्याने विकलेल्या तीनही होत्या. मेंढीचं बंदर त्याच्याकडे होतं, म्हणजे बँकेत दोन मेंढ्यांना हवा तो एक पत्ता. सात मेंढ्यांतून त्याने हवा तो माल घेतला आणि पुढच्याच फेरीत डाव संपवला. नियमांत हे पूर्ण बसतं. त्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं.

पण पुढचे तीन शनिवार त्याच्याशी कुणी सौदा करेना. ठरवून नव्हे; हातच पुढे होत नव्हता. त्याने गहू देऊ केला की प्रत्येक जण मनात विचार करायचा, याच्याकडे कुठलं कार्ड आहे? तो बिचारा बँकेत चार-चार पत्ते भरत बसला आणि तिन्ही वेळा शेवटचा आला. चौथ्या शनिवारी त्यानेच विषय काढला: ‘ज्या मालाचा सौदा केला, त्या मालावर त्याच पाळीत मोनोपॉली लावणार नाही. आजपासून. माझा शब्द.’ आम्ही सगळ्यांनीच तो नियम घेतला, आणि त्या रात्री टेबलावर पुन्हा बोलणं सुरू झालं. अनोळखी लोकांत, एखाद्या स्पर्धेत, मंदारची चाल उत्तम आहे. दर पंधरा दिवसांनी भेटणाऱ्या चौघांत तिची किंमत तीन डाव असते, ती मोजून खेळायची असेल तर जरूर खेळा.

सात पडले की

दोन फाशांत सगळ्यात जास्त वेळा सात येतात, ३६ पैकी ६ वेळा. सात पडले की ज्याच्याकडे सातपेक्षा जास्त पत्ते आहेत त्याने निम्मे टाकायचे, आणि फासे टाकणाऱ्याने दरोडेखोर हलवायचा; तो ज्या तुकड्यावर बसतो तिथला माल अडतो. ‘अजून एक दगड आला की शहर करीन’ म्हणत आठ पत्ते हातात धरून बसणाऱ्यांसाठी एक हिशेब सांगते. चौघांत तुमची पाळी संपल्यापासून तुमचे पुढचे फासे पडेपर्यंत चार दानं होतात. त्या चारांत एकदा तरी सात येण्याची शक्यता साधारण ५२ टक्के आहे. म्हणजे नाणेफेकीपेक्षा वाईट. रस्ता बांधा, कार्ड घ्या, तोट्याचा सौदा करा, पण पाळी सोडताना हात सातपर्यंत आणा. सातव्या पत्त्याला भीती नाही, आठव्याला आहे.

दरोडेखोर कुणावर बसवायचा हा प्रश्न मैत्रीत जास्त नाजूक होतो. मघाशी तिने माझ्यावर बसवला म्हणून आता मी तिच्यावर, हे सुरू झालं की त्या दोघी शेवटून पहिल्या-दुसऱ्या येतात आणि तिसराच जिंकतो. आमच्याकडे बसवताना कारण मोठ्याने सांगायची पद्धत आहे: ‘केदार पुढे आहे आणि हा ८ चा गहू त्याचा मुख्य आहे.’ कारण तोंडाने सांगावं लागलं की सूड आपोआप गळतो. कारण सुचत नसेल तर जागा चुकीची आहे. आणि बसवण्याआधी बेट नीट पाहा. कधी कधी एका तुकड्याने दोघांना अडवता येतं, आणि ज्याच्याकडे जास्त पत्ते त्याच्याकडून एक ओढता येतो.

शेवटचे तीन गुण

सातवर पोचलात की सौदे बंद होतात, हे गृहीत धरा. म्हणून सौद्याचं सगळं काम सहापर्यंत उरका आणि तोवर एखादं बंदर गाठून ठेवा, म्हणजे बँकेत तीनाला एक किंवा दोनाला एक मिळेल. शिवाय सगळं उघडं करू नका. समजा टेबलावर तुमचे ६ गुण दिसतायत, दोन नाइट उघडलेले आहेत आणि इतर कुणाचे दोनपेक्षा जास्त नाहीत. हातात तिसरा नाइट आणि एक गुणाचं कार्ड आहे. एक घर बांधलं की ७, नाइट उघडला की सैन्याचे २ म्हणजे ९, लपलेला गुण दाखवला की १०. एकाच पाळीत. फक्त तो नाइट आधीच्या पाळीत घेतलेला हवा. घेतल्या घेतल्या कार्ड वापरता येत नाही, गुणाचं कार्ड सोडून.

समोरच्यालाही असंच मोजा. जास्त कार्डं दडवून बसलेला ७ गुणांचा माणूस मी ९ चा धरते.

हरताना कसं खेळावं

याबद्दल मला मनापासून बोलायचंय. अगदी सुरुवातीला एका डावात माझे ४ गुण होते, जिंकायची आशा नव्हती, आणि मी केदारला एका मेंढीत दोन दगड देऊन टाकले. नवरा म्हणूनच. त्याने शहर केलं आणि जिंकला. स्नेहल ९ वर होती. ती काही बोलली नाही, पाणी प्यायली आणि पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा म्हणाली, ‘दीड तास मी दोघांशी खेळतेय असं मला माहीतच नव्हतं.’ ते मला लागलं, आणि बरोबर लागलं.

तेव्हापासून आम्ही वही ठेवली. पहिल्याला ४, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. दिवाळीला वर्षाची बेरीज. त्यामुळे जिंकायची आशा संपली तरी दुसऱ्या नंबरसाठी झुंजायचं कारण उरतं. जो सौदा करायचा तो स्वतःच्या फायद्याचा, आणि फायदा काय ते विचारलं तर सांगता आलं पाहिजे. केदार आणि मी शेजारी बसत नाही, समोरासमोर बसतो. एवढ्याने रडीचे डाव संपले.

नवीन माणूस आला तर त्याच्यावर दया करून हलकं खेळू नका, त्याला ते कळतं. स्नेहलचा सतरा वर्षांचा भाऊ ओंकार मे महिन्यात आला होता. त्याच्यासाठी नियमपुस्तिकेतली नवशिक्यांची ठरावीक मांडणी घेतली, पहिल्या दोन फेऱ्या सगळ्यांनी पत्ते उघडे ठेवले आणि प्रत्येकाने आपली चाल का खेळली ते सांगितलं. त्यानंतर सल्ला बंद, विचारलं तरच. तिसरा आला. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, ‘ताई, त्या ९ च्या दगडावर मी आधी बसायला हवं होतं ना?’ हो, म्हटलं. पुढच्या वेळी तो न बोलावता आला.

थोडं टेबलाबद्दल. फासे परातीत टाका, म्हणजे ते रस्ते-घरं उडवत नाहीत. दहानंतर परातीत पंचा अंथरा, खालच्या मजल्यावर लोक झोपतात. भडंग ठेवायचं तर वाटी आणि चमच्यासकट, तेलाचा हात पत्त्याला लागला की तो पत्ता पाठमोरासुद्धा ओळखता येतो. पावसाळ्यात षटकोनी तुकडे दमट होऊन फुगतात आणि चौकटीत बसेनासे होतात; खोक्यात बुटांच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि सगळे निघायच्या आधी मोजून ठेवा: मालाचे ९५ पत्ते, प्रत्येक मालाचा १९ चा गठ्ठा, प्रत्येक रंगाचे १५ रस्ते. केदारचा एक निळा रस्ता आम्हाला आठ महिन्यांनी दिवाणाखाली सापडला. मोजणी शेवटच्या आलेल्याने करायची नसते, जिंकलेल्याने करायची. शेवटचा आलेला पुढच्या शनिवारी बेट मांडतो.